इंदूरला डेव्हलपर म्हणून येताय? एक पहाट आधी राखून ठेवा

दर वर्षी जून-जुलैत आमच्या टीममध्ये दोन-चार नवी मुलं-मुली येतात. कुणी खंडव्याचं, कुणी बऱ्हाणपूरचं, कुणी जळगाव-धुळ्याकडचं. पहिले तीन महिने ती जीव तोडून काम करतात. चौथ्या महिन्यात मान धरते, झोप उडते, आणि दिवाळीला घरी गेली की परत यायला पाय निघत नाही. मी बारा वर्षं याच शहरात कोड लिहितोय आणि त्याहून जास्त वर्षं इथल्या डोंगरांत फिरतोय. विंध्याचा कडा शहरापासून सायकलच्या टप्प्यात आहे, त्यामुळे इंदुरात ही नोकरी आणि हे फिरणं दोन्ही जमतं. पण आधी रात्र ताब्यात यावी लागते, तेव्हा पहाट मिळते. ते कसं जमवायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: ऑफर लेटर नीट वाचा

पगाराच्या आकड्यानंतर तीन गोष्टी बघा: कामाची वेळ, नोटीस पीरियड आणि बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट). नोटीस ९० दिवसांची असेल तर पुढे नोकरी बदलताना ती आडवी येते, हे सही करण्याआधीच माहीत असू द्या. मूळ मार्कशीट कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नका. दाखवा, प्रत द्या, मूळ परत घ्या. आणि एचआरला सरळ विचारा, "क्लायंट कुठल्या देशातला आहे?" तुमची झोप याच उत्तरावर ठरणार आहे.

पायरी २: खोली ऑफिसच्या बाजूला घ्या

इंदुरात आयटीची कामं तीन दिशांना विखुरलेली आहेत. खंडवा रोडच्या तोंडाशी क्रिस्टल आयटी पार्क, विमानतळाच्या बाजूला सुपर कॉरिडॉर, आणि विजयनगर-एबी रोडच्या पट्ट्यात असंख्य लहान-मध्यम कंपन्या. सुपर कॉरिडॉरला नोकरी आणि मित्र राहतो म्हणून भंवरकुआंला खोली, असं केलंत तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल. भंवरकुआंला होस्टेलं आणि टिफिन सेंटर मुबलक आहेत, पण ती वस्ती कोचिंगच्या विद्यार्थ्यांची. रात्री उशिरा कॉल घेणाऱ्याला तिथे शांतता मिळायची नाही.

मराठी घरात राहायचं असेल तर सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांत चौकशी करा. वर एक खोली, खाली घरमालक, अशी घरं अजून सापडतात. घरमालकीण काकूंना पहिल्याच दिवशी आपल्या कामाची वेळ सांगून ठेवा. आमच्या एका मुलाने सांगितली नव्हती, महिनाभराने काकूंनी त्याला जिन्यात अडवून विचारलं, "काय रे, रात्री दोनपर्यंत लाइट जळतो, कुणाशी बोलत असतोस? घरी सगळं ठीक आहे ना?" त्याने अमेरिकेचं घड्याळ समजावून सांगितलं, तेव्हापासून काकू सकाळी दहाच्या आत दार वाजवत नाहीत.

पायरी ३: पहिल्या तिकिटावर घाई करू नका

पहिलं तिकीट, म्हणजे नोंदवलेलं पहिलं काम किंवा तक्रार, हातात आलं की नवा माणूस कोड लवकर लिहायला बघतो. पहिले पंधरा दिवस तुमचं काम वाचायचं आहे. लॅपटॉपवर प्रोजेक्ट उभा करताना जिथे जिथे अडलात ते लिहून ठेवा आणि सेटअपची माहिती सुधारून टीमला द्या. नव्या माणसाला ज्या खाचा दिसतात त्या जुन्यांना दिसेनाशा झालेल्या असतात, म्हणून हे काम तुम्हीच सगळ्यात चांगलं करू शकता.

मागच्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका मुलीचं पहिलं तिकीट सांगतो. घरोघर दूध पोचवणाऱ्या एका अ‍ॅपची तक्रार होती: पहाटेच्या काही ऑर्डरी आदल्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये दिसतात. तिने दोन दिवस रिपोर्टची क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढणारी आज्ञा) उलटीपालटी केली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, "एकच ओळ दाखव. एक ऑर्डर, एक गिऱ्हाईक." तिने काढली. गिऱ्हाइकाच्या फोनवर वेळ होती पहाटे ४:५०. डेटाबेसच्या रकान्यात २३:२०, तारीख आदल्या दिवशीची. आम्ही दोघं त्या दोन आकड्यांकडे बघत राहिलो आणि तिने बोटांवर मोजलं: साडेपाच तास. सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ साठवतो, भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रिपोर्ट आधी तारीख तोडून घेत होता आणि मग वेळ बदलत होता. पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक ऑर्डर त्यामुळे मागच्या दिवसात पडत होती.

दुरुस्ती दोन ओळींची होती: आधी भारतीय वेळ करा, मग तारीख काढा. साठवलेल्या डेटाला हात लावायचा नाही. तिने टेस्ट लिहिली ती मला फार आवडली. ५:२९ची एक ऑर्डर, ५:३०ची एक, रात्री ११:५९ची एक.

यातून पद्धत अशी घ्या. चूक आधी स्वतःच्या मशिनवर घडवून दाखवा. एका नोंदीपर्यंत खाली या. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे दोन वाक्यांत लिहा. अर्धा-पाऊण तास अडलात की विचारा, पण विचारताना ही दोन वाक्यं आणि आतापर्यंत काय करून पाहिलं ते सोबत द्या. तसा प्रश्न आला की सिनिअर माणूस खुर्ची ओढून बसतो. "सर, चालत नाहीये" एवढ्यावर कुणी काय सांगणार?

पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला कोडमधला बदल, लहान ठेवा. दोनशे ओळी माणूस खरंच वाचतो, दोन हजार ओळींवरून नजर फिरवतो. रिव्ह्यूमध्ये आलेली टिप्पणी कोडवर असते, तुमच्यावर नसते. हे पचायला मला दोन वर्षं लागली.

आणि शुक्रवारी संध्याकाळी काहीही लाइव्ह करू नका. माझ्या दुसऱ्या नोकरीत एका शुक्रवारी रात्री आठला मी स्टेजिंग (चाचणीची प्रत) समजून प्रॉडक्शनवर (गिऱ्हाइकं वापरतात त्या खऱ्या यंत्रणेवर) स्क्रिप्ट चालवली. दोन्ही टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायच्या खिडक्या, एकाच रंगाचे होते. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण शनिवार आणि रविवार पूर्ण गेले. तेव्हापासून माझा प्रॉडक्शनचा टर्मिनल लाल असतो. तुम्ही आजच करून ठेवा.

पायरी ४: रात्र ताब्यात घ्या

क्लायंट लंडनचा असेल तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारी अडीच, उन्हाळ्यात दीड. ही वेळ सुखाची. न्यूयॉर्कचा असेल तर त्यांचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळी साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. कॅलिफोर्नियाचा असेल तर हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. हे दोन रविवार कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका, कारण त्या सोमवारी कुणीतरी तासभर चुकतंच.

आता करायचं काय? पहिल्या महिन्यातच टीम लीडशी बोला आणि शनिवारी रात्री काही ठेवायचं नाही हे ठरवून घ्या. क्लायंटचा शुक्रवार हा आपला शुक्रवार रात्र असतो, शनिवार त्यांनाही सुट्टी असते. त्यामुळे ही मागणी कुणाला जड जात नाही, फक्त कुणी बोलत नाही. आठवड्यातला एक लांबचा कॉल लेखी अपडेटवर आणता येतो का तेही बघा. मी रोज संध्याकाळी पाच ओळी लिहून पाठवायला लागलो: काय झालं, काय अडलं, कुणाकडून काय हवंय. दोन महिन्यांत पाचपैकी दोन कॉल बंद झाले.

सराफ्याबद्दल एक शब्द. दिवसा सोन्याचांदीची बाजारपेठ, रात्री दुकानं मिटली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), साबुदाण्याची खिचडी. जरूर जा. पण कॉल संपवून रात्री साडेअकराला निघायची सवय लागली की झोप दोनला आणि पहाट गेली. आम्ही सराफा महिन्यातल्या एका शुक्रवारी ठेवला आहे. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) असते आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या (देखाव्यांची मिरवणूक); त्या दिवशी शहराच्या जुन्या भागात गाडी जात नाही. क्लायंटला आठवडाभर आधी कळवून ठेवा.

दिवसा दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघा. लॅपटॉप उशीवर ठेवून काम करू नका, पहिल्या पगारातून वेगळा कीबोर्ड आणि स्क्रीन उंच करायला स्टँड घ्या. एवढं पुरे.

पायरी ५: पहिला महिना रालामंडळ, दुसरं काही नाही

नवी मंडळी पहिल्याच रविवारी मांडूला बाईकवरून शंभर किलोमीटर जातात, सोमवारी अंग दुखतं आणि नाद सुटतो. सुरुवात रालामंडळापासून करा. शहराला लागूनच टेकडी आहे, १९८९ पासून अभयारण्य आहे, आणि आकाराने अडीच चौरस किलोमीटरपेक्षाही लहान. माथ्यावर होळकरांची शिकारीची कोठी आहे. नवख्याच्या पायांनीही सावकाश तासाभरात वर पोचता येतं. वन खात्याचं तिकीट आणि वेळ असते; आठवड्यातल्या सुट्टीची चौकशी करून जा. इथे बिबट्याचा वावर आहे, म्हणून वाट सोडून झाडीत शिरू नका आणि कानात इअरफोन नकोत.

चार रविवार हेच करा. पायांना चढ कळतो, बूट कुठे चावतात ते कळतं, दोन तासांत आपण किती पाणी पितो ते कळतं. पहिल्या रविवारी पायथ्याशी पहाटे पाचला पोचलात तर ते दुधाचं तिकीट आठवून बघा: तुमच्या सर्व्हरवर त्या वेळी अजून शनिवारच असतो. मला तो अर्धा तास फार प्रिय आहे.

बूट सोडून महागडं काही घेऊ नका. बूट मात्र चांगल्या पकडीचे आणि अर्धा नंबर मोठे. दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, डोक्याला लावायचा टॉर्च, जाड पिशवीत फोन. पावसात छत्री नको, रेनकोट. मालव्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. एप्रिल-मेमध्ये साडेआठच्या आत सावलीत परत यायचं. एका मे महिन्यात आम्ही जानापावच्या डोंगरावरून दहाला उतरायला निघालो. दोन बाटल्या तोवर संपल्या होत्या. सोबतचा मित्र गप्प झाला, मग त्याचा घाम थांबला, तेव्हा मी घाबरलो. पायथ्याच्या झोपडीतल्या आजींनी त्याला सावलीत आडवा करून ओल्या फडक्याने अंग पुसलं, आणि शुद्धीवर नीट आला तसं ताक पाजलं. त्या दिवसापासून मे महिन्यात मी डोंगरावर जात नाही.

पायरी ६: सायकल

सेकंडहँड हायब्रिड घ्या. सुरुवातीला बिलावली तलावाच्या आणि पिपल्यापाळ्याच्या बाजूने आठवड्यात दोन सकाळी पंधरा-वीस किलोमीटर. मग महूचा रस्ता. पावसाळ्याच्या तोंडाशी वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे महूकडे जाताना तो छातीवर आणि परतताना पाठीवर. दमलेल्या पायांना ही सोय चांगली आहे. खंडवा रोडवर सिमरोळच्या पुढे भेरूघाटात सायकल घालू नका. ट्रकांची वर्दळ आणि आंधळी वळणं, तिथे बाजूला व्हायला जागा नाही.

मालव्याच्या काळ्या मातीची ओळख करून घ्या. कोरडी असताना तिला भेगा असतात, त्यात अख्खी काठी जाते. पहिला जोराचा पाऊस पडला की तीच माती टायरला असा गिलावा करते की चाक मडगार्डमध्ये फिरत नाही. शंभर पावलांत सायकल दुप्पट जड होते. एकदा चोरलच्या अलीकडे मी काडीने माती उकरत शेताच्या बांधावर बसलो होतो, शेतकरी दादा म्हणाले, "बाबूजी, हिच्यावर ढकलू नका, उचला." पावसाच्या दुसऱ्या दिवशी शेतातली वाट घ्यायचीच नाही, डांबरी किंवा मुरमाड धरायची.

पायरी ७: पावसाळा आणि खोह

जुलै ते सप्टेंबर हा इथला खरा मोसम. दक्षिणेकडे मालव्याचं पठार एकदम संपतं आणि खाली निमाड आणि नर्मदेचं खोरं उघडतं. तो कडा पहिल्यांदा बघाल तो दिवस विसरणार नाही. सोयाबीनच्या सपाट शेतांतून चालत असता, समोर सागाची झाडी येते, आणि तिच्यामागे जमीनच नसते. खालून ढग वर येत असतात. पाताळपाणी, तिंछा, मोहाडी हे धबधबे आणि चोरलचं खोरं, हे सगळं याच काठावर. महूकडून मंडलेश्वरला उतरणाऱ्या रस्त्यावर जाम गेट आहे, १७९१ साली अहिल्याबाईंच्या काळात बांधलेला दरवाजा. त्याच्या कमानीतून धुक्यात खालचं खोरं बघायला तरी एकदा जाच. जानापावला चंबळेचा उगम आहे, पावसानंतर ऑक्टोबरमध्ये तिथली चढण सगळ्यात सुंदर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या खोहींमधलं, म्हणजे काठाखालच्या खोल दऱ्यांमधलं, पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वर महूच्या बाजूला पडलेल्या पावसाने वाढतं. तुमच्या अंगावर ऊन असतं आणि लोंढा येतो. २०११च्या जुलैत पाताळपाणीला असाच लोंढा आला आणि सहलीला आलेलं कुटुंब वाहून गेलं. तेव्हापासून मी पुढील गोष्टी कधीही मोडल्या नाहीत, तुम्हीही मोडू नका.

निघण्याआधी शहराचं नाही, महूच्या बाजूचं पावसाचं रडार बघा. पोचल्यावर काठावरचा एखादा दगड पक्का करा आणि पाणी त्याच्या कुठपर्यंत आहे ते लक्षात ठेवा, फोटो काढून ठेवा. दर दहा मिनिटांनी त्या दगडाकडे बघायचं काम एकाला नेमून द्या. पाणी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहत येऊ लागला, किंवा आवाज जाड झाला, की सामान सोडून वर चढा. प्रवाह ओलांडून पलीकडे जेवायला बसू नका. पलीकडे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबा, भले रात्र होवो. धबधब्याच्या कुंडात उतरायचं नाही. आणि गुराखी "आज नका जाऊ" म्हणाला तर वाद न घालता मागे फिरायचं. त्याचं म्हणणं मी अजून एकदाही खोटं ठरलेलं पाहिलं नाही.

साप पावसात बाहेर असतात. गवतात पूर्ण बूट, अंधारात टॉर्च. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला चालवू नका, अंग हलवू देऊ नका, १०८ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा.

चालायचं नसेल आणि आई-बाबा आलेले असतील तर पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी चालू आहे का बघा. २०१८ मध्ये सुरू झाली, डब्यांना मोठ्या काचा आहेत, आणि कालाकुंड स्टेशनवर पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो.

पायरी ८: थंडीत सिरपूर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोंगराऐवजी तलाव धरा. धार रोडवरचा सिरपूर तलाव शहरातच आहे. तो आणि यशवंतसागर दोन्ही २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. सूर्य वर यायच्या आत पोचा, एका जागी बसा, बोलू नका. तलवार बदक, थापट्या, चक्रांग हे उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी, अडई आणि जांभळी पाणकोंबडी घरची. यशवंतसागरच्या बाजूच्या शेतांत सारसाची जोडी दिसली तर लांबूनच बघा, घरटं असेल तर जवळ जाऊन फोटो नको. दुर्बीण ८×४२ची घ्या. दिवसभर दीड हात अंतरावर बघणाऱ्या डोळ्यांना हा दोन तासांचा विसावा काय देतो ते महिन्याभरात कळेल.

पायरी ९: ऑन-कॉलचा आठवडा आणि चिठ्ठी

चोरलच्या खोऱ्यात फोनला रेंज नसते. म्हणून ऑन-कॉलच्या आठवड्यात, म्हणजे काही बिघडलं तर लगेच बघायची पाळी तुमची असते तेव्हा, डोंगरावर जायचं नाही, सिरपूरला जायचं. लॅपटॉप पाठीवर, हॉटस्पॉट चालू. पाळी अदलाबदल केली असेल तर ती ग्रुपवर लिहून, समोरच्याचं "हो" आल्यावरच निघायचं.

बाकीच्या रविवारी निघण्याआधी घरी किंवा खोलीतल्या मित्राला चिठ्ठी द्या. मी बारा वर्षं एकच मजकूर वापरतोय: कुठे जातोय, कुठल्या वाटेने, सोबत कोण, गाडी कुठे लावणार, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा. माझ्या चिठ्ठीत परतीची वेळ साडेनऊ असते आणि काळजीची वेळ साडेअकरा. साडेनऊला मी बहुतेक वेळा सिमरोळच्या नाक्यावर असतो, वर जीरावण मसाला आणि शेव टाकलेल्या पोह्यांची प्लेट हातात. पहिला घास घेण्याआधी आईला फोन करतो.